वॉल्टर हेब्डनचं शेवटचं नाटक

वॉल्टर हेब्डन हा माणूस एकूण किती वेळा मेला, हे त्याला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. इंग्लंडच्या समुद्रकाठच्या गावांतल्या थंडगार थिएटरांत तो विष पिऊन मेला, गळफास लागून मेला, एकदा तर पियानोखाली सापडून मेला. टेलिव्हिजनवर शिडीवरून पडून मेला. या सगळ्या मरणांच्या हकिगती तो इतक्या रंगवून सांगायचा की ऐकणाऱ्याला त्याचा हेवा वाटावा. खरा मेला तेव्हा मी रजेवर नाशकात होतो. कुवेतला परत आलो तर टपालात त्याच्या बायकोचं, पेगीचं, चार ओळींचं पत्र पडलेलं. ते वाचून मी ऑफिसच्या टेबलाशी बसून रडलो, आणि शेजारच्या केबिनमधल्या माणसाला सर्दी झाल्याचं सांगितलं.

आमची गाठ पडली ती आखाती युद्धानंतर तीन-चार वर्षांनी. मी तेव्हा दक्षिणेकडच्या एका पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये सेफ्टी विभागात होतो. वायुगळती झाली तर कामगारांनी काय करायचं, याची एक फिल्म कंपनीला करायची होती आणि तिला चांगला इंग्लिश आवाज हवा होता. आवाज आला तो पंचेचाळीस डिग्रीत लोकरी कोट घालून. सहा फूट उंची, नाकाचा सुळका, पायात चकचकीत तपकिरी बूट. कुवेतच्या धुळीने सगळ्यांचे बूट एका रंगाचे करून टाकले होते, याचे तेवढे सुटले होते. साठीला आलेला दिसत होता. मी आठवडाभर खपून लिहिलेला कागद त्याच्या हातात दिला. त्याने तो दोनदा वाचला आणि विचारलं, "हे ऐकणारा माणूस कोण?"

"कामगार."

"घाबरलेला?"

"हो."

"आणि त्याचं इंग्लिश?"

"यथातथाच."

त्याने खिशातून पेन्सिल काढली आणि माझे निम्मे शब्द खोडून टाकले. मला राग आला, पण उरलेली सहा वाक्यं त्याने माइकसमोर म्हटली तेव्हा कुणीतरी हात धरून आपल्याला दाराबाहेर नेतंय असं वाटलं. त्या सहा वाक्यांना त्याने अख्खी सकाळ घेतली.

चहाच्या वेळी बढाई मारायची म्हणून मी म्हणालो की मीही नाटकातला माणूस आहे, आमच्या मराठी मंडळाचं दर गणपतीला नाटक असतं. "काय कामं करतोस?" त्याने विचारलं. मी म्हणालो, प्रॉम्प्टिंग. या ठिकाणी लोक हसतात हा माझा अनुभव. आमची ही तर चारचौघांत सांगते, घरात यांच्या तोंडून शब्द फुटत नाही आणि तिथे दुसऱ्यांना वाक्यं पुरवतात. वॉल्टर हसला नाही. त्याने कप खाली ठेवला, उठून उभा राहिला आणि माझ्याशी पुन्हा एकदा हस्तांदोलन केलं. म्हणाला, "आमच्याकडे म्हणतात, अमका बुकवर आहे. बुकवर चांगला माणूस असेल तर नट झोपेतही काम करतो." तेव्हापासून त्याने मला 'बुक' हेच नाव ठेवलं. सबनीस हे आडनाव उच्चारायचा प्रयत्नही त्याने कधी केला नाही.

दस्मानला समुद्राच्या बाजूला त्याचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. पेगी एका इंग्लिश शाळेत शिकवायची आणि तिच्या इकाम्यावर हा राहायचा. इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना, आणि कुवेतमध्ये माणसाची किंमत त्याच्यावर ठरते. बायकोच्या इकाम्यावर राहणारा पुरुष म्हटला की आपल्या लोकांच्या भुवया उंचावतात. वॉल्टर मात्र स्वतःची ओळख करून देताना आधी तेच सांगायचा. हॉटेलांतून जेवणाबरोबर नाटक दाखवणाऱ्या एका फिरत्या कंपनीबरोबर तो इकडे आला होता. कंपनी पुढच्या देशात गेली, त्याच्या जागी एक तरुण नट घेऊन. हा मागे राहिला आणि पेगीने इथेच नोकरी धरली.

त्याची कारकीर्द मला तुकड्यातुकड्यांनी कळली. विशीत तो अशा एका नाटक कंपनीत होता जिथे दर सोमवारी नवं नाटक लागायचं. या आठवड्याचं रात्री करायचं, पुढच्या आठवड्याचं सकाळी पाठ करायचं. "मग आधीचं कुठे जायचं?" मी विचारलं. तो म्हणाला, "रविवारी आंघोळ करायचो. साबणाबरोबर सगळं धुऊन जायचं. विसरणं हीसुद्धा कला आहे, बुक. सोमवारी जुनं वाक्य तोंडात आलं की मेलास." हे तो फार अभिमानाने सांगायचा.

पुढे टेलिव्हिजनवर एका मालिकेत त्याने सात वर्षं पोलीस सार्जंटचं काम केलं. लोक रस्त्यात थांबवून चोऱ्यांच्या तक्रारी सांगायचे. एके दिवशी टपालाने पुढच्या भागाचं स्क्रिप्ट आलं. नाश्ता करता करता तो वाचत गेला आणि अकराव्या पानावर सार्जंट शिडीवरून पडून मेला. कुणी फोन केला नव्हता, की बोलावून सांगितलं नव्हतं. "मी टोस्ट संपवला," तो म्हणाला, "आणि पेगीला सांगितलं की मी गेलो." पुढे कितीतरी महिने खाटकाच्या दुकानात बायका पेगीचं सांत्वन करायच्या. त्यानंतर त्याला मिळाली ती दार उघडणाऱ्या नोकराची, एका वाक्याच्या पाद्र्याची, आणि दोनदा प्रेताची कामं. प्रेताचं काम अवघड असतं, असं तो गंभीरपणे सांगे. श्वास पोटात ठेवावा लागतो. हे ऐकून मी हसायचो. पेगी उठून स्वयंपाकघरात जायची.

इथल्या इंग्रजांचा एक हौशी नाटक क्लब होता. एका कंपाउंडच्या, म्हणजे परदेशी लोकांच्या वसाहतीच्या, हॉलमध्ये वर्षातून दोनदा नाटक व्हायचं, तालमी शुक्रवारी सकाळी. वॉल्टरने मला तिथे बुकवर बसवलं. पहिल्याच नाटकात मी घाण केली. तो डॉक्टर झाला होता. एका आईला मुलाची बातमी सांगायची होती. "तुमचा मुलगा..." म्हणाला आणि थांबला. आता आमच्या मंडळाची रीत अशी की नट दोन सेकंद थांबला म्हणजे अडकला. पाठांतर करून येणारा तिथे कोण होता! प्रॉम्प्टरचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत गेला नाही तर नटच चिडायचे. मी सवयीने पुढचं वाक्य खणखणीत पुरवलं. हॉलभर ऐकू गेलं. कुणीतरी हसलं.

नाटक संपल्यावर तो माझ्याकडे आला. आवाज चढला नव्हता, पण ओठ पांढरे पडले होते. "ती शांतता माझी होती," तो म्हणाला. "तीन आठवडे बांधत होतो मी ती. तू तिच्यात दगड टाकलास."

मी दुसऱ्या दिवशी राजीनामा द्यायला गेलो. त्याने तो घेतला नाही, उलट शिकवणी लावली. दर बुधवारी संध्याकाळी मी दस्मानला जायचो. तो एखादा उतारा म्हणायचा, मध्ये थांबायचा आणि मी ओळखायचं: हा थांबला की अडकला? पहिले काही आठवडे माझं निम्मं चुकायचं. मग त्याने गुपित सांगितलं. "तोंडाकडे पाहू नकोस, तोंड खोटं बोलतं. छातीकडे पाहा. अडकलेल्याचा श्वास वर राहतो. थांबलेल्याचा खाली जातो." त्यानंतर माझं क्वचितच चुकलं. सात-आठ वर्षं मी त्याच्या बुकवर बसलो आणि त्याच्या एकाही शांततेला धक्का लावला नाही. याचा मला गर्व होता. होता म्हणजे चांगलाच होता.

एकदा मी त्याला आमच्या मंडळाच्या नाटकाला नेलं. मराठीचा गंध नाही, तरी अडीच तास ताठ बसला. शेवटी म्हणाला, "छान. एका तिकिटात नाटक दोनदा ऐकलं. आधी प्रॉम्प्टरकडून, मग नटांकडून." आमच्या अध्यक्षांना मी याचं भाषांतर 'फार आवडलं' असं करून सांगितलं.

दोन हजार साल उलटल्यावर केव्हातरी त्याचं बिनसायला लागलं. आधी गाडी कुठे लावली ते आठवेना. मग बुधवारी आलेला मी गुरुवारी आलो असं त्याला वाटायला लागलं. एका तालमीत त्याने चार वर्षांपूर्वीच्या नाटकातलं वाक्य म्हटलं, अगदी सुरेख म्हटलं, आणि समोरची बाई गोंधळून माझ्याकडे पाहू लागली. त्याची छाती मला दिसत होती. श्वास वर होता.

जाब्रियाच्या एका क्लिनिकमध्ये मीच त्याला गाडीने न्यायचो, कारण पेगीची शाळा असायची. पहिल्या दोन डॉक्टरांना त्याने खिशात घातलं. साल कोणतं असं विचारलं की हा म्हणायचा, "डॉक्टर, नटाला वय विचारतात, साल नाही," आणि सार्जंटच्या मरणाची गोष्ट सुरू करायचा. डॉक्टर हसून हसून बेजार, आणि कागदावर लिहायचे, सर्व ठीक. मी कोपऱ्यात बसून बघायचो. मला सगळं कळत होतं आणि तरी मीही हसायचो. तिसऱ्या वेळी एक तरुण डॉक्टरीण होती. ती हसली नाही. गोष्ट संपेपर्यंत थांबली आणि तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला. वॉल्टरने माझ्याकडे पाहिलं. मी सांगू शकलो असतो, पण तिथे सांगायचं नसतं.

परत येताना गाडीत तो म्हणाला, "मला एक नाटक करायचंय. मोठं काम. सार्जंटनंतर मी मोठं काम केलेलं नाही आणि आता केलं नाही तर राहील. तू बुकवर बसशील?"

मी म्हणालो, "बसेन."

"मला खूप लागेल. इतरांना कळता कामा नये."

"नाही कळणार."

"पेगीलाही नाही." त्यालाही मी हो म्हणालो.

नाटक एका निवृत्त स्टेशनमास्तरचं होतं. बायको वारलेली, स्टेशन बंद पडलेलं, हा एकटाच घरात बसून तिच्याशी बोलतो. जवळजवळ दोन तास एकटा. असं नाटक त्याने का निवडलं असं मी विचारलं, तर म्हणाला, "दुसऱ्या नटाला त्रास नको."

विंगेतून इतकं पुरवलं तर ऐकू जाणार, हे उघड होतं. आमच्या नाटकांचे सेट करणारे गंगाराम मेस्त्री सुलैबियाला एका फर्निचरच्या कारखान्यात होते. मूळचे कुडाळकडचे. त्यांना सगळं सांगावंच लागलं. त्यांनी स्टेशनमास्तरच्या खुर्चीमागे बायकोचं कपड्यांचं कपाट उभं केलं, आत मला बसायला स्टूल, पुस्तक धरायला फळी, समोर नक्षीच्या आड एक फट. मला आत बसवून दार लावून पाहिलं आणि म्हणाले, "मावतास तुमी. पण हवा खंयसून येतली? मागच्या फळयेक भोकां पाडून ठेवतंय." मग खुर्चीत बसून वाक्यं घोकणाऱ्या वॉल्टरकडे बघत हळूच म्हणाले, "आमच्या दशावतारात कागद नसताच. राजा इसारलो तर राक्षस तेका सांभाळून घेता. हेंच्यात तसा नाय?"

मी म्हणालो, "यात राक्षस नाही, मेस्त्री."

"मगे तुमीच व्हया," ते म्हणाले आणि पुन्हा रंधा मारू लागले.

तीन प्रयोग होते. पहिल्या रात्री मी चाळीसेक वेळा वाक्य पुरवलं, दुसऱ्या रात्री त्याहून जास्त. मी एक शब्द कुजबुजायचो आणि तो पूर्ण वाक्य उचलायचा, असं की ते आत्ता त्याच्या मनात आलंय. बाहेर कुणाला पत्ता लागला नाही. तो माझ्या आवाजावर चालत होता आणि तरी काम त्याचंच होतं. मी आयुष्यात इतकं सुंदर काम पाहिलेलं नाही, आणि मी ते कपाटातून पाहिलं.

शेवटच्या भाषणात एक थांबण्याची जागा होती. "आणि मग शेवटची गाडी आली..." म्हणून स्टेशनमास्तर थांबतो. दहा आकडे मोजून होतील इतका. मग म्हणतो, "तिच्यातून कुणीच उतरलं नाही." पहिल्या तालमीलाच वॉल्टरने मला बजावलं होतं, बाकी सगळं नाटक तुझं, ही शांतता माझी. दोन्ही रात्री त्याने ती घेतली आणि दोन्ही रात्री हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही.

तिसऱ्या रात्री तो म्हणाला, "आणि मग शेवटची गाडी आली..." आणि थांबला. मी मोजू लागलो. दहा झाले. मला फटीतून त्याची फक्त पाठ दिसत होती, कोटाची शिवण आणि मानेवरचे पांढरे केस. छाती दिसत नव्हती. पंधरा झाले. आज लांबवतोय, मी मनात म्हटलं, शेवटचा प्रयोग आहे. वीस झाले. वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण ती शांतता त्याची होती, तिच्यात मी एकदा दगड टाकला होता, आणि आता मी जाणकार झालो होतो. तीस झाले. हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू आलं असतं. मी गप्पच बसलो.

मग तो उठला. हे नाटकात नव्हतं. तो वळला, सावकाश चालत कपाटापाशी आला आणि त्याने दारावर तळहात टेकवला. फटीतून मला त्याचे डोळे दिसले. इतका घाबरलेला माणूस मी प्लांटच्या नोकरीतही पाहिला नव्हता. ओठ जेमतेम हलवत तो म्हणाला, "प्लीज."

मी वाक्य दिलं. "तिच्यातून कुणीच उतरलं नाही," तो कपाटाशी म्हणाला आणि पडदा पडला.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. बायका डोळे पुसत होत्या. म्हातारा शेवटी मेलेल्या बायकोच्या कपड्यांपाशी जातो, किती विलक्षण कल्पना, असं जो तो म्हणत होता. क्लबच्या पत्रकात पुढच्या महिन्यात तेच छापून आलं. पेगी रडत रडत मला म्हणाली, "बघितलंस? त्याला काही झालेलं नाही."

मी मेकअपच्या खोलीत गेलो. तो आरशासमोर बसला होता, तोंडाला क्रीम फासून. मला आरशात पाहून म्हणाला, "तू थांबलास."

"मला वाटलं..."

"त्यांना आवडलं," तो म्हणाला आणि कापसाने कपाळ पुसायला लागला. कौतुक होतं की तक्रार, मला आजही सांगता येत नाही. विचारायचं धैर्य झालं नाही. मला एवढंच माहीत आहे की भर रंगमंचावर, दोनशे माणसांसमोर, मी त्या माणसाला काळोखात एकटा सोडला होता. वाक्य माझ्याकडे होतं आणि मी माझी जाणकारी जपत बसलो. त्याबद्दल मला कुणी कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर त्याने नाटक केलं नाही. फार भराभर उतरत गेला. पुढच्या उन्हाळ्यात पेगीची नोकरी संपली आणि नोकरीबरोबर दोघांचा इकामाही. सामान गंगाराम मेस्त्रींनी खोक्यांत भरून दिलं. एअरपोर्टवर सोडायला मी गेलो. वाटेत वॉल्टर मागच्या सीटवर डुलक्या घेत होता तेव्हा पेगी पुढे बघत म्हणाली, "दोन महिने झाले, त्याने माझं नाव घेतलेलं नाही. मला मॅडम म्हणतो. पूर्वी दौऱ्यावर तो गावोगावच्या ज्या लॉजांत उतरायचा, तिथली मालकीण समजतो. कालच मला म्हणाला, खोली स्वच्छ आहे, आभारी आहे." मग तिने काळा चष्मा लावला.

आत गेल्यावर ती बोर्डिंग पास घ्यायला रांगेत उभी राहिली. मी वॉल्टरला घेऊन बाकावर बसलो. त्याने तोच लोकरी कोट घातला होता. बूट पेगीने पुसून दिले असावेत. त्याने आजूबाजूच्या गर्दीकडे, दिव्यांकडे पाहिलं आणि माझ्याकडे जरा झुकून विचारलं, "हाउसफुल्ल दिसतंय. मी कधी जातो?"

"पाच मिनिटांत," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. मी कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं याची मला खात्री आहे. पण कुणाला काय विचारायचं असतं, ते त्याला अजून कळत होतं. त्याने माझ्या बाहीला हात लावला. "माझं पहिलं वाक्य काय आहे?"

त्याचा श्वास वर होता. पेगी पास घेऊन गर्दीतून येताना दिसत होती. मी एक आकडासुद्धा मोजला नाही.

"'चल, पेगी,'" मी म्हणालो. "तिच्या डोळ्यांत बघून."

ती समोर येऊन उभी राहिली. वॉल्टर उठला, कोट खाली ओढून सरळ केला, तिच्याकडे बघितलं आणि त्या आवाजात, सगळ्या रांगांना पोचेल अशा आवाजात म्हणाला, "चल, पेगी."

तिच्या हातातले पास खाली पडले. मी ते उचलून दिले, पण तिचं लक्ष नव्हतं. तिने चष्मा काढला होता आणि ती त्याच्याकडे बघत होती. मग तिने त्याच्या दंडात हात घातला आणि दोघं पासपोर्टच्या काउंटरकडे निघाली, तो ताठ मानेने, ती त्याला बिलगून. ती एकदाही मागे वळली नाही. त्याच्या मरणाचं कळवणाऱ्या पत्रातल्या चार ओळींपैकी दोन तिने त्याच क्षणावर लिहिल्या होत्या, की शेवटी शेवटी तो सगळं विसरला होता, पण त्या दिवशी त्याला तिचं नाव आपणहून आठवलं. मी उत्तर पाठवलं. ते वाक्य कुणी दिलं, ते त्यात लिहिलं नाही.